ड्युअल एपिक मशीन: आधी मेमरी, मग कोर

एएमडीचे दोन एपिक सर्व्हर प्रोसेसर एकाच बोर्डावर बसवून मी हे मशीन जुळवलं. त्याचं मुख्य काम ओपनफोम या सॉफ्टवेअरवर हवा-पाण्याच्या प्रवाहाची गणितं सोडवणं. अशा सॉल्व्हरमध्ये (गणितं सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्रत्येक सेलसाठी (जागेच्या प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी) मेमरीतून ढीगभर आकडे आणायचे आणि त्यांच्यावर मोजक्या बेरजा-गुणाकार करायचे, असा प्रकार असतो. आकडे वेळेवर पोचले नाहीत तर कोर कितीही असले तरी नुसते ताटकळतात. म्हणून निवड मेमरी चॅनलपासून, म्हणजे मेमरी ते प्रोसेसर या वाटांपासून, सुरू केली आणि बाकीचं त्यावरून ठरत गेलं.

एसपी३ सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) बसणाऱ्या एपिकला आठ चॅनल. डीडीआर४-३२०० चा एक चॅनल सेकंदाला २५.६ जीबी देतो, म्हणजे सॉकेटला २०४.८ आणि दोन्ही मिळून ४०९.६ जीबी. प्रत्यक्षात याहून कमीच मिळतं, पण सोळाही चॅनल भरले नाहीत तर दुसऱ्या सॉकेटचा खटाटोप वाया. त्यामुळे १६ जीबीच्या सोळा स्टिक, एकूण २५६ जीबी. घेताना लेबल नीट वाचा: '२आर×८' म्हणजे दोन रँक (चिपचे दोन गट), आणि '३२००एए' नंतर 'आर' असेल तर ती आरडीआयएमएम, म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरी. 'यू' किंवा 'ई' दिसलं तर ती स्टिक या बोर्डांच्या उपयोगाची नाही.

प्रोसेसरवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला. ७२८२ आणि ७३०२ दोन्ही सोळा कोरचे, नावंही जवळची. पण ७२८२ मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ६४ एमबी आणि ७३०२ मध्ये १२८. खरी मेख पुढे आहे: ७२८२ मध्ये कोरचे चिपलेट (कोर असलेले सिलिकॉनचे तुकडे) दोनच. प्रत्येक चिपलेटची आयओ डायशी (मेमरीकडे नेणाऱ्या मधल्या तुकड्याशी) जोडणी ठरावीक रुंदीची असते, त्यामुळे आठही चॅनल भरले तरी त्यांचा पूर्ण वेग कोरपर्यंत पोचतच नाही. मेमरीवर चालणाऱ्या कामाला हा प्रोसेसर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी मिलान या त्यानंतरच्या पिढीतले दोन ७३१३ घेतले: सोळा कोर, चार चिपलेट, १२८ एमबी एल३, १५५ वॅट. चार कोरांना मिळून ३२ एमबी कॅश येते, हे फार मोलाचं. ७३१३पी मात्र टाळा; शेवटी 'पी' असलेले एका सॉकेटपुरतेच चालतात. सेकंडहँड घेत असाल तर तो एखाद्या कंपनीच्या बोर्डाला लॉक केलेला नाही ना, हे आधी विचारा. ते लॉक काढता येत नाही.

बोर्ड सुपरमायक्रोचा एच१२डीएसआय. सोळा स्लॉट, म्हणजे चॅनलमागे एक स्टिक. मिलानसाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) नवा लागतो. कॅबिनेट निवडताना नुसतं 'ई-एटीएक्स' (मोठ्या बोर्डांचं माप) वाचून थांबू नका, कारण त्या नावाखाली कमी रुंदीची कॅबिनेटंही विकली जातात. हा बोर्ड पूर्ण १३ इंची आहे. पॉवर सप्लायला दोन्ही प्रोसेसरसाठी वेगवेगळ्या आठ-पिन केबल हव्यात.

कूलर नॉक्टुआचे ९२ मिमीवाले. बसवताना सॉकेटच्या फ्रेमवर छापलेल्या १-२-३ क्रमानेच स्क्रू आवळले. शांत पंख्यांची एक गंमत: ते हळू फिरतात, तर बीएमसीला (बोर्डावर देखरेख करणाऱ्या चिपला) पंखा बंद पडल्यासारखं वाटतं आणि ते सगळे पंखे पूर्ण वेगाने पळवतं. वेग उतरला की पुन्हा तेच. आयपीएमआयटूल या कमांडने पंख्याच्या वेगाची खालची मर्यादा कमी केली आणि मशीन शांत झालं.

सध्या लिनक्स चालू आहे, न्युमासीटीएल ही कमांड दोन नोड (प्रोसेसर आणि त्याची मेमरी मिळून एक) दाखवतंय. मेमरीचं तुलनात्मक अंतर आपल्या नोडला १०, पलीकडच्याला ३२. आता बायोसमध्ये एनपीएस१ आणि एनपीएस४ (सॉकेटमागे एक किंवा चार नोड) दोन्ही लावून स्ट्रीम ही मेमरी-वेगाची चाचणी चालवायची, मग ओपनफोमची मोटरबाइक ही नमुना केस. कोणी ७३१३ च्या जोडीवर ती चालवली असेल तर आकड्यांसोबत एमपीआय बाइंडिंगची (कुठली प्रोसेस कुठल्या कोरवर बांधली याची) सेटिंगही सांगा, त्याशिवाय तुलना करता येत नाही.