नातवंडाला भेटायचंय? मग अर्जात ‘ताबा’ मागू नका

मुलगा गेला, सून लेकराला घेऊन माहेरी गेली आणि हळूहळू फोन उचलणंही बंद झालं. किंवा मुलगी गेली, जावयाने दुसरं लग्न केलं आणि आजोळशी संबंध तुटला. अशा आजी-आजोबांना पहिल्यांदा एक कटू गोष्ट सांगावी लागते: त्यांच्या भेटीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने 2015 साली 257 व्या अहवालात तशी तरतूद सुचवली होती, पण ती कागदावरच राहिली. म्हणून मागणी ‘आमचा हक्क’ अशी न मांडता ‘मुलाचं हित’ अशी मांडायची.

मार्ग आहे पालक व पाल्य अधिनियम, 1890 चा. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 7 मध्ये मुलाच्या ताब्याबरोबरच भेटीचाही स्वतंत्र उल्लेख आहे, तो अर्जात जरूर दाखवावा. बहुतेक जण रागाच्या भरात थेट ताबा मागतात आणि तिथेच फसतात. हयात आई किंवा वडील हे नैसर्गिक पालक. त्यांना बाजूला सारायला फार भक्कम कारण लागतं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नील रतन कुंडू प्रकरणात आईकडच्या आजी-आजोबांकडे ताबा ठेवला, पण तिथे वडिलांवर हुंडाबळीचा खटला होता. शिवाय ताब्याची मागणी वाचली की सून घाबरते, मग साध्या भेटीलाही विरोध करते.

अर्ज आपल्या गावात नव्हे, मूल नेहमी राहतं त्या ठिकाणच्या कौटुंबिक न्यायालयात करायचा (1890 च्या कायद्याचं कलम 9). ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. आजी कोल्हापूरची आणि नातू पुण्यात असेल, तर खेपा पुण्याच्या. कौटुंबिक न्यायालयात वकील उभा करायला परवानगी घ्यावी लागते. पैशांची अडचण असेल तर आजीने अर्जदार व्हावं: स्त्रीला उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

मुख्य अर्ज रेंगाळतो, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, भेटीचा अर्ज त्याच दिवशी जोडावा. ‘वेळोवेळी भेटू द्यावे’ असं मोघम लिहू नये. दुसरा आणि चौथा शनिवार, 11 ते 4, कुठे, मूल कोण आणणार, कोण परत नेणार, भेट हुकली तर बदली तारीख कोणती, हे सगळं हवं. पहिल्या तीन-चार भेटी आईसमोर चालतील असं आपणच लिहिलं की निम्मा विरोध मावळतो. रविवारी 10 मिनिटांचा व्हिडिओ कॉलही मागावा. 2020 च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने, ताबा नसलेल्या पालकासाठी का होईना, अशा संपर्काचं महत्त्व मान्य केलं आहे. सोबत जुने फोटो, शाळेच्या फीच्या पावत्या, पूर्वी एकत्र राहत असल्याचा पुरावा जोडावा.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो पैशाचा वाद. गेलेल्या मुलाचा विमा, पीएफ किंवा फ्लॅट यावरून सुनेशी भांडण चालू असताना हा अर्ज आला, की तो दबावाचा डाव वाटतो. ती प्रकरणं वेगळी ठेवा, आणि तडजोडीत एकाच्या बदल्यात दुसरं कधीच मागू नका.

न्यायाधीश चेंबरमध्ये मुलाशी बोलू शकतात, समुपदेशकही अहवाल देतात. दोन वर्षं न भेटलेलं पोर आजीला बिलगेलच असं नाही. त्याचा अर्थ ‘आईने शिकवलं’ असा लावून तिथेच आरडाओरडा केला तर तेवढंच अहवालात येतं. ‘आई आमच्याबद्दल काय म्हणते?’ हे तर विचारूच नये. खेळण्यांचा ढीगही नको; एखादं गोष्टीचं पुस्तक, घरचा लाडू पुरे.

आदेश मिळूनही मूल आणलं नाही, तर त्या दिवसाची नोंद आणि मेसेज जपून ठेवून त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करावा. मूल हजर न केल्याबद्दल 1890 च्या कायद्यात दंड आहे तो 100 रुपयांपर्यंत, पुढे रोज 10! त्याने कोणी घाबरत नाही, पण त्याच कलमात दिवाणी तुरुंगाचीही तरतूद आहे. तुरुंगाची भाषा मात्र पहिल्याच हुकलेल्या शनिवारी काढू नये. आधी बदली तारीख मागावी.