सेबूत बालिंतावाक शिकताना

फिलिपिन्समधल्या सेबूमध्ये नोकरीला आले आणि शिफ्ट रात्रीची मिळाली. इथली कॉल सेंटरं अमेरिकेच्या घड्याळावर चालतात. भलत्या वेळी आयटी पार्कमधून बाहेर पडून घर गाठणं हे इथल्या कितीतरी मुलींचं रोजचं जगणं आहे. त्यांच्यातल्याच एका सहकारी मुलीने मला तिच्या वस्तीतल्या एस्क्रिमाच्या, म्हणजे इथल्या काठीच्या युद्धकलेच्या, वर्गाला नेलं. घरामागे पत्र्याचं छप्पर, खाली सिमेंट, भिंतीला टेकवलेल्या वेताच्या काठ्या, एवढाच वर्ग. शिकवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. सगळे त्यांना आदराने ‘नोंग’ म्हणतात, मीही तेच म्हणू लागले.

फिलिपिन्सच्या या युद्धकलेला कुठे आर्निस म्हणतात, कुठे एस्क्रिमा, परदेशात बऱ्याचदा काली. २००९ साली तिथल्या कायद्याने आर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं. सेबूत तिची मुळं फार खोल आहेत. डोसे पारेस हा एस्क्रिमाचा संघ इथेच १९३२ मध्ये उभा राहिला, आणि त्यातून बाहेर पडून व्हेनान्सिओ बेकन यांनी १९५२ मध्ये आपला वेगळा गट काढला. बालिंतावाक नावाच्या रस्त्यावर त्यांचा सराव चाले, तेच नाव पद्धतीला पडलं. नोंग शिकवतात ती हीच. एकच काठी, आणि दोघांमधलं अंतर हातभर. कोल्हापूरला मी मर्दानी खेळ पाहत वाढले. तिथे लाठी फिरवणारा स्वतःभोवती रिंगण मोकळं करतो, कुणाला जवळ फिरकू देत नाही. इथे आत शिरून उभं राहायचं असतं, आणि हे अंगवळणी पडायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिल्याच दिवशी हातात काठी मिळाली. साधारण अठ्ठावीस इंच लांब, अंगठ्याहून थोडी जाड. मुठीखाली चार बोटं काठी मोकळी सोडायची, कारण जवळून तो बुंधाही मारायच्या कामी येतो. मग बारा फटके. पहिला समोरच्याच्या डाव्या कानशिलावर, दुसरा उजव्या, पाचवा म्हणजे पोटात खुपसणं, बारावा थेट टाळूवर. फटका ओळखायचा तो कोणत्या दिशेने येतो यावरून. हातात काठी आहे, कोयता आहे की नुसती मूठ, याने दिशा बदलत नाही. म्हणूनच इथे शस्त्र आधी आणि रिकामा हात नंतर शिकवतात. आधी मला हे उलटं वाटलं होतं, पण काही महिन्यांनी काठी बाजूला ठेवून उभी राहिले तेव्हा हात आपोआप त्याच वाटांनी गेले.

वेत तुटताना त्याच्या फाका उडत नाहीत, तो पिंजत जातो. जोरात आपटला की जळल्यासारखा वास येतो. कामागोंगच्या काळ्या, जड लाकडाच्या काठ्याही नोंगकडे आहेत. त्या फक्त एकट्याने फिरवायच्या, जोडीदारासमोर कधीच नाही. हाड मोडेल.

फटके आणि अडवणं बऱ्यापैकी बसल्यावर ‘अगाक’ सुरू झालं, आणि खरं शिक्षण तिथूनच आहे असं मला वाटतं. गुरू मारतो, तुम्ही अडवून उलट मारता, तो तुमचा फटका अडवून लगेच पुढचा मारतो. क्रम ठरलेला नसतो. मध्येच तो तुमचा हात दाबतो, काठी धरतो, कोपर ढकलतो, मुद्दाम थांबतो. बेकन स्वतः असंच, कसलाही क्रम न लावता शिकवत. पुढे होझे व्हियासिन आणि तेओफिलो वेलेझ यांनी त्यातल्या डावांचे गट पाडले, म्हणून माझ्यासारख्यांना पायरीपायरीने चढता येतं. नोंग वेग नेहमी माझ्या आवाक्याच्या किंचित पुढे ठेवतात. घाबरले की ते हळू करतात, निवांत झाले की लगेच डाव्या हाताने खांद्याला टोला. हा डावा हात म्हणजे बालिंतावाकचा जीव. उजव्यातली काठी सगळ्यांना दिसते, पण समोरच्याचं मनगट दाबून त्याचा पुढचा फटका निघूच न देणारा असतो तो डावा. माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या बाईला याचा केवढा आधार वाटतो, ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

मग चाकू आला. नोंगनी लाकडी चाकूच्या धारेला लिपस्टिक लावली, मला पांढरा टी-शर्ट घालायला सांगितला आणि जोडीदाराला सांगितलं, ‘थांबू नकोस.’ मिनिटभरात हातावर, पोटावर, मानेवर लाल रेघा. नोंग म्हणाले, ‘चाकू दिसला की पळायचं. पळता येत नसेल तर मध्ये काहीतरी धर, पिशवी, खुर्ची, काहीही. हातातून चाकू काढून घेणं हे सगळ्यात शेवटचं.’ दोन तासांच्या शिबिरात मुलींना चाकू हिसकावण्याचे डाव शिकवून घरी पाठवणाऱ्यांचा मला त्या दिवसापासून राग येतो. त्या रेघा प्रत्येकीने एकदा अंगावर पाहायला हव्यात.

सेबूत ऊन आणि पाऊस दोन्हीसाठी छत्री सतत जवळ असते, म्हणून आम्ही छत्रीनेही सराव केला. लांब छत्रीने बहुतेक फटके जमतात. घडीची छत्री आखूड, तिने झोडपायला जाऊ नये, टोचावं, आणि पहिलं लक्ष्य समोरच्याचा हात. हात दुखला की पकड सुटते, आणि निसटायला तेवढा वेळ पुरतो.

रस्त्यावर मला अजून कुणावर हात उचलावा लागलेला नाही. फरक पडला तो नजरेत. जीपनीची, म्हणजे इथल्या वडापसारख्या गाडीची, वाट पाहताना कुणी उगाच जवळ सरकला की मी त्याच्या चेहऱ्याआधी हातांकडे बघते, एक पाऊल तिरकं बाहेर टाकते आणि पाठ भिंतीकडे येणार नाही एवढं पाहते. पूर्वी मी अशा वेळी खाली मान घालून मोबाइलमध्ये बघायचे.

शिकायचं असेल तर वर्ग निवडताना एवढंच बघा: जोडीदार तुमच्या सोयीने मारतो की स्वतःच्या मनाने? सोयीने मारत असेल तर तो नाच आहे, सुंदर असेल, पण स्वसंरक्षणासाठी त्यावर विसंबू नका. मनगटं आधी सुजतात, ती सुजू द्या, पण बोटांची सांधेदुखी अंगावर काढू नका. सध्या माझा काठी काढून घेण्याचा डाव चालू आहे. बाराव्या फटक्यावर डाव्या हाताने काठी वळवून घ्यायची असते. हळू वेगात जमतं, नोंगनी वेग वाढवला की अजून नाही.