येऊरच्या चढावर चाक घासतंय, म्हणजे चाक मऊ आहे का?

दोन वर्षं पैसे साठवून गेल्या महिन्यात सायकलला एकदाची 50 एमएमची (म्हणजे रिमची, चाकाच्या बाहेरच्या कड्याची, खोली 50 एमएम) कार्बन व्हील्स घेतली, रिम ब्रेकवाली, म्हणजे पॅड थेट रिमला दाबतात ती, कारण माझी फ्रेम जुनी आहे. पहिल्याच रविवारी ठाण्यात उपवनवरून येऊरचा डोंगर चढायला घेतला आणि सीटवरून उठून जोर लावला तर मागून खस्स, खस्स, प्रत्येक पायडलला. आधीच्या साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर हा आवाज कधी म्हणजे कधीच आला नव्हता. फार वाईट वाटलं, एवढे पैसे घालून मऊ चाक पदरात पडलं असंच वाटत राहिलं.

सोमवारी संध्याकाळी नौपाड्यातल्या आमच्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी चाक फिरवून बघितलं, आउट, म्हणजे डगमग, अजिबात नव्हता. मग रिम खालून पकडून बाजूला दाबली आणि म्हणाले, "माझ्या हाताकडे नको, वर ब्रेक पॅडकडे बघ." खाली डावीकडे दाबलं की वरची कड उजवीकडे सरकून पॅडला टेकत होती! "तुझी रिम मऊ नाहीये रे, कडक आहे म्हणूनच घासतेय."

म्हणजे कसं, पोळीची कड दाबली तर तेवढीच कड वाकते, स्टीलचं ताट दाबलं तर अख्खं ताट कलतं आणि समोरची कड उचलली जाते. खोल कार्बन रिम म्हणजे ताट. जोर येतो खाली रस्त्याला आणि ब्रेक असतो बरोबर वरच्या टोकाला, त्यामुळे मऊ रिम असेल तर घासणार नाही आणि कडक असेल तर घासेल. डिस्क ब्रेकवाल्यांना रिमपाशी पॅडच नाहीत त्यामुळे त्यांना हे कळतही नाही.

मग हे ताट कलतंच का, ते दाखवायला काकांनी स्पोक, म्हणजे चाकातल्या तारा, बोटाने छेडून दाखवले. उजवीकडचे टिंग असे बारीक वाजत होते, डावीकडचे एकदम जाड आवाजाचे. ताण मोजायचा मीटर लावला तर उजवीकडे जवळपास 120 किलोचा ताण आणि डावीकडे त्याच्या निम्मा. उजवीकडे कॅसेटला (मागच्या गिअरच्या चकत्यांना) जागा लागते म्हणून तिथली हबची फ्लँज, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची स्पोक अडकवायची कड, आत सरकलेली असते, स्पोक जवळजवळ सरळ उभे राहतात आणि बाजूचा जोर त्यांना नीट पेलत नाही. मी म्हटलं, काका मग सगळेच अजून कसा ना. ते म्हणाले ताण वाढवून चाक कडक होत नाही, स्पोक सैल पडत नाही तोपर्यंत कडकपणा तोच राहतो. ठरतं ते स्पोक किती, किती जाड, दोन फ्लँजमध्ये अंतर किती आणि रिम कशी यावर. माझ्या मागच्या चाकाला 24 स्पोक, तेही पातळ चपटे, आणि माझं वजन 82.

विकणाऱ्याने मला "स्टिफ आहे, पॉवर वाया जाणार नाही" एवढंच सांगितलं होतं, आणि ते मला पटत नाही. चाक बाजूला लवतं ते स्प्रिंगसारखं परत येतं, त्यात वाया फार काही जात नाही. खरा फायदा हवेचा. ताशी 40 ने चाललात तर चाकाचा वरचा भाग 80 ने हवेत घुसत असतो, तिथे खोल रिम कामाला येते, पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर मला तो फरक सरळ जाणवतो. पण त्याच रस्त्यावर खाडीकडून आडवा वारा आला की पुढचं चाक हँडल ओढतं, पुढे 35 एमएमच घ्यायला हवं होतं.

आणि हो, कार्बनच्या चाकावर खड्डे हाडाला लागतात म्हणतात ना, रिम उभी एक मिलिमीटरसुद्धा दबत नाही, दबतो तो टायर. 25 एमएम रुंद टायरमध्ये 100 पीएसआय हवा भरत होतो ते 85 वर आणलं आणि घोडबंदर रोड एकदम सुसह्य झाला.

परवा काकांनी उजवीकडचे स्पोक जाड टाकले, पॅड अर्धा अर्धा एमएम उघडले. आज सकाळी येऊर चढलो, वरपर्यंत एकदाच खस्स झालं, तेही खड्ड्यात.