मोठी गाडी विकत मिळते, चालवून बघायला मिळत नाही

तीनशे सीसीची गाडी सोडून साडेसहाशेची स्पोर्ट बाईक घ्यायची, हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. पैशांची जुळवाजुळव, विमा, जुन्या गाडीला गिऱ्हाईक, सगळं रीतसर पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायला बसले ते टेस्ट राइडमुळे. एवढी ताकदीची गाडी शोरूमवाले पाच मिनिटांत विकायला तयार असतात, पण चालवून बघते म्हटलं की चेहरेच बदलतात.

चालवून बघण्याचा हट्ट कशासाठी, ते आधी सांगते. कागदावर सगळं सोपं दिसतं. उदाहरणादाखल यामाहाच्या दोन गाड्या घ्या (माझी जुनी किंवा नवी गाडी यातली नव्हे, आकडे पाठ आहेत म्हणून सांगते). आर-३ म्हणजे ३२१ सीसी, १६९ किलो, ४२ पीएस (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद मोजायचं माप, हॉर्सपॉवरसारखं). आर-७ म्हणजे ६८९ सीसी, १८८ किलो, ७३ पीएस. वजन एकोणीस किलोंनीच वाढलं, म्हणून माणूस खूश होतो. पण सीट ७८० मिलिमीटरवरून ८३५ वर जाते. हे साडेपाच सेंटिमीटर ब्रोशरमध्ये कुणाच्या लक्षात येत नाहीत. चढावर सिग्नलला थांबून एकच पाय टेकायची वेळ आली की येतात. मागच्या टायरची रुंदी १४० मिलिमीटरची १८० होते, त्यामुळे गाडी वळणात झुकवायला जास्त जोर लावावा लागतो. ब्रोशर वाचून यातलं काय कळणार?

आमच्या शोरूममध्ये डेमो गाडी होती. दारातच उभी होती, धूळ पुसलेली. पहिल्यांदा गेले तेव्हा तिचा विमा संपला होता. पुढच्या खेपेला ती दुसऱ्या शाखेत गेली होती. त्यानंतर गाडी होती, विमाही होता, पण किल्ली ज्यांच्याकडे असते ते साहेब रजेवर होते. मधल्या काळात सेल्समनचा फोन मात्र न चुकता यायचा: "मॅडम, बुकिंग करून टाका, राइड काय, नंतर कधीही होईल." नंतर म्हणजे पैसे भरल्यावर. मी म्हटलं, राइड आधी, बुकिंग मग. त्यावर त्याचं उत्तर, "या सेगमेंटमध्ये कोणी चालवून घेत नाही." एवढे पैसे मोजून आंधळेपणाने गाडी घेणारे असतील तर असोत बापडे.

हाच सेल्समन मधेच "थेट लिटरचीच (म्हणजे हजार सीसीची) घ्या, पुन्हा बदलायला नको," असंही सुचवून गेला. युरोपात परवान्यातच पायऱ्या आहेत: ए-१ ला १२५ सीसी आणि ११ किलोवॉटची मर्यादा, ए-२ ला ३५ किलोवॉटची, त्यानंतर मोकळीक. ३५ किलोवॉट म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस पीएस. म्हणजे आर-३ त्यात बसते, आणि आर-७ची ताकद कमी करून घेतल्याशिवाय ती बसत नाही. कायदा करणाऱ्यांनी उगाच नाही त्या पायऱ्या ठेवल्या.

शेवटी एकदा गाडी, विमा, किल्ली आणि साहेब एकाच दिवशी हजर झाले, तर फॉर्म निघाला. नाव, पत्ता, परवाना क्रमांक, इथपर्यंत ठीक. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: राइडदरम्यान गाडीचं काहीही नुकसान झाल्यास मी रुपये इतके भरून देईन. आणि "इतके"च्या जागी रिकामी रेघ. मी विचारलं, इथे काय लिहायचं? "काही नाही, नुसती सही करा." मग आकडा कोण भरणार? "तो आम्ही भरतो, लागला तर." मी पेन खाली ठेवलं. विमा आहे ना गाडीला? मग विमा कंपनी ज्या रकमेपर्यंत पैसे देत नाही, तेवढीच माझी जबाबदारी, आणि तो आकडा पॉलिसीवर छापलेला असतो. तोच इथे लिहा. साहेब म्हणाले, असं आजवर कोणी मागितलं नाही. मी म्हटलं, मग मी पहिली. पॉलिसीची प्रत शोधण्यात आणखी बराच वेळ गेला. मला बसवून ठेवून दोनदा चहा विचारला, कागद मात्र कोणी आणेना. अखेर प्रत सापडली, रेघेवर आकडा आला, मगच सही केली. त्या फॉर्मचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

कुठेही असाल, रिकाम्या रेघेवर सही करू नका. आणि निघण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. टाकी, हँडलची टोकं, फेअरिंगच्या (गाडीवरच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) खालच्या कडा. डेमो गाडी आधी कोणीतरी पाडलेली असतेच.

एवढं होऊन राइड कुठे, तर "आवारात एक फेरी मारा"! आवारात सरळ रेषेत स्पोर्ट बाईक चालवून काय कळतं? आवाज छान आहे, एवढंच. मी तीन गोष्टी मागितल्या: खराब रस्ता, गर्दी आणि एक यू-टर्न. सेल्समन दुसऱ्या गाडीवर मागून येणार, या अटीवर मान्य झालं.

या तीन गोष्टींत सगळं कळलं. यू-टर्न सर्वात आधी. क्लिप-ऑन हँडल (पुढच्या दांड्यांना खाली बसवलेले दोन वेगळे तुकडे) छोट्या गाडीच्या हँडलपेक्षा कमी वळतं, आणि पूर्ण वळवलं की अंगठा टाकीला लागतो. हलका मागचा ब्रेक, अर्धवट सोडलेला क्लच आणि नजर जिथे जायचंय तिथे, तरच गाडी फिरते. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक ओढू नका, गाडी तिथेच आडवी होते. गर्दीत मांडीला इंजिनाची धग लागली. खराब रस्त्यावर मनगटं बोलायला लागली. त्यावर उपाय आहे: गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची आणि वरच्या अंगाचा भार पोट-पाठीने पेलायचा, हातांवर नाही. हे जमलं तर गाडी आपली, नाही तर दुसरी बघा.

सांगायचं राहिलं: सहाशेच्या सगळ्या गाड्या सारख्या नसतात. यामाहाची आर-६ ५९९ सीसीची, चार सिलिंडरची. तिची पूर्ण ताकद १४,५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) आसपास येते. आर-७ दोन सिलिंडरची, ती ८,७५० ला. रोजच्या रस्त्यावर पहिलीची ताकद बहुतेक वेळा वापरलीच जात नाही. मी दोन सिलिंडरची घेतली आणि मला ते पटलं आहे. चार सिलिंडरच्या आवाजावर जीव असेल तर घ्या बापडे, पण ती चालवताना रोज कुठे जाणार आहात ते आधी बघा.

बुकिंगनंतर गाडी घरी आली त्यात काही विशेष घडलं नाही. नवी टायर गुळगुळीत असतात, पहिले दीडशे किलोमीटर वळणांत आणि ब्रेकवर सबुरीने घ्या. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत इंजिन ताणू नका, पण एकाच वेगाने कंटाळवाणं चालवूही नका, आरपीएम खालीवर होऊ द्या. पहिली सर्व्हिस टाळू नका. सस्पेंशन आपल्या वजनाला लावून घ्या. रस्त्यासाठी, तुम्ही बसल्यावर पुढचा सस्पेंशन साधारण ३० ते ३५ मिलिमीटर खाली दबावा. हे करायला दहा मिनिटं लागतात, पण कोणी आपणहून करून देत नाही. मागावं लागतं.

आणि हेल्मेट, हातमोजे स्वतःचे घेऊन जा. शोरूमचं हेल्मेट माझ्या डोक्यावर फिरत होतं. आरसे मात्र राइडआधीच लावून बघा, स्पोर्ट बाईकच्या आरशात अर्धं स्वतःचं कोपरच दिसतं.