आमची वाटचाल : चाचण्यांवरचा खर्च आम्ही कुठे करतो

इचलकरंजी परिसरातील कापड आणि तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करतो. २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी लागू झाल्यानंतर आमचे काम वाढले, आणि युनिट टेस्टवर, म्हणजे कोडचा एकेक छोटा भाग आपोआप तपासणाऱ्या चाचण्यांवर, किती वेळ खर्च करायचा हा प्रश्न तेव्हापासून आमच्यासमोर आहे. छोट्या संस्थेत तो टाळता येत नाही, कारण चाचणी लिहिण्यात गेलेल्या दिवसाचे पैसे ग्राहक वेगळे देत नाही.

कर आकारणीच्या कोडसाठी हा खर्च आम्ही कधीच कमी केला नाही. ३३३ रुपयांवर ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातील विक्रीवरचा कर, १६.६५ रुपये होतो. तोच कर राज्यांतर्गत विक्रीत सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असा निम्मा विभागला, की प्रत्येकी ८.३२५ चे ८.३३ होऊन बेरीज १६.६६ येते. हा एक पैसा माणसाच्या नजरेतून सहज सुटतो, चाचणीतून सुटत नाही.

या कामाचे खरे मोल सप्टेंबर २०२५ मध्ये दिसले. तयार कपड्यांना प्रति नग १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के दर होता. ३ सप्टेंबरला जाहीर झालेल्या निर्णयानुसार २२ तारखेपासून ही मर्यादा २,५०० रुपये आणि त्यापुढचा दर १८ टक्के झाला. नेमक्या २,५०० रुपयांच्या नगाला ५ टक्केच लागतात, सूट वजा जाऊन किंमत मर्यादेत आली की दर बदलतो, आणि आधीच्या बिलावर परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट जुन्याच दराने काढावी लागते. जुन्या मर्यादेसाठी अशा चाचण्या लिहिलेल्या असल्याने नव्या आकड्यांची भर घालून आम्ही मुदतीआधी निर्धास्तपणे बदल पोहोचवू शकलो.

मात्र स्क्रीनची मांडणी, बिलाची छपाई किंवा डेटाबेसमधील साधी नोंद यांसाठी आम्ही युनिट टेस्ट जवळजवळ लिहीत नाही. तिथे डेटाबेस आणि प्रिंटर यांच्या जागी मॉक, म्हणजे त्यांच्यासारखे वागणारे नकली भाग, उभे करावे लागतात, आणि कोडची अंतर्गत रचना सुधारली की वागणूक तीच राहूनही चाचण्या मोडतात. कव्हरेजचा आकडाही आम्ही उद्दिष्ट मानत नाही. चाचणीत किती ओळी चालल्या एवढेच तो सांगतो, उत्तर बरोबर आले का हे सांगत नाही. छपाई आम्ही आजही दुकानातल्या प्रिंटरवर प्रत्यक्ष कागद काढूनच तपासतो.