रॉकेटची लेव्हल आणि ठिपक्यांचा नकाशा

शाळांच्या टॅबलेटवर चालणाऱ्या विज्ञानाच्या खेळांचा डेटा तपासणं हे माझं काम. त्यातली एक लेव्हल अजून डोक्यातून जात नाही.

नववीच्या 'गतीचे नियम' या धड्यासाठी ती केलेली आहे. पडद्यावर एक रॉकेट. घर्षण नाही, गुरुत्वाकर्षण नाही. ते सेकंदाला 4 घरं या वेगाने सरळ वर चाललंय. उतरायचा तळ उजवीकडे 12 घरं आणि वर 12 घरं. चार दिशांची चार बटणं, आणि एकदा दाबलं की त्या दिशेला 4 चा वेग मिळतो. तळापासून एका घराच्या आत पोचलं की लेव्हल पार.

शिक्षकांना दिसणारा डॅशबोर्ड दुसऱ्या कंपनीने बनवलेला. कमी प्रयत्नांत पार झालं की मुलाचं नाव हिरवं. भराभर प्रयत्न फसले किंवा बटणं जादा लागली की लाल, आणि शेजारी शेरा: 'अंदाजाने खेळतो'. एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "सर, माझी विचार करणारी मुलं लालमध्ये आलीत आणि ज्यांना दम धरवत नाही ती हिरव्यात. काहीतरी उलटं झालंय."

बाईंचं बरोबर होतं, पण ते दाखवायचं तर डॅशबोर्ड बाजूला ठेवून मूळ नोंदी काढणं भाग होतं. प्रत्येक वेळी बटण दाबताना रॉकेट कुठे होतं आणि त्याचा वेग किती, कोणत्या दिशेला होता, हे नोंदवलंच पाहिजे असा माझा पहिल्यापासून आग्रह. नुसतं 'पार' किंवा 'नापास' आणि लागलेली मिनिटं एवढ्यावरून मुलाच्या डोक्यात काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. वरच्या बैठकांमध्ये मात्र किती मुलं किती मिनिटं खेळली, एवढंच विचारतात.

या नोंदी जशा येतात तशा वापरता येत नाहीत. बॅटरी पूर्ण उतरली की काही टॅबलेटचं घड्याळ थेट 1970 वर जातं, म्हणून क्रम वेळेवरून न लावता प्रत्येक नोंदीच्या अनुक्रमांकावरून लावायचा. इंटरनेट मध्येच तुटलं की त्याच नोंदी पुन्हा चढतात. टॅबलेटचा क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही जुळले तर एकच ठेवायची. एका टॅबलेटवर तीन मुलं बसतात आणि 'खेळाडू बदला' कुणी दाबत नाही. सगळ्या टॅबलेटवर एकाच वेळी मिनिटभर शांतता दिसली, तर मुलं विचार करत नसतात, बाई फळ्यावर काहीतरी सांगत असतात.

साफ केलेल्या नोंदींतून एकच चित्र काढलं: उजवं बटण दाबताना रॉकेट किती उंचीवर होतं, तिथे एक ठिपका. लाल मुलांचे ठिपके विखुरलेले असतील अशी अपेक्षा होती, कारण अंदाजाने दाबणारा कुठेही दाबतो. पण सगळा गठ्ठा 12 च्या रेषेवर होता. ही मुलं रॉकेट तळाच्या बरोबर समोर येईपर्यंत थांबत होती आणि मग उजवीकडे ढकलत होती. ढकलू त्या दिशेला वस्तू जाणार, ही त्यांची पक्की समजूत. वर जायचा 4 चा वेग कायम राहतो, त्यात उजवीकडचा 4 मिळतो, आणि रॉकेट 45 अंशांत तिरकं निघून तळाला साडेआठ घरांनी चुकवतं. उलट ज्यांनी लेव्हल सुरू होताच घाईने बटण दाबलं, त्यांचं रॉकेट त्याच तिरक्या रेषेने अलगद तळावर! घाईचं नाव हिरवं आणि विचारपूर्वक केलेल्या चुकीचं लाल.

ही चूक जुनी आहे. मुलं विज्ञान कसं शिकतात याचे अमेरिकन अभ्यासक अँड्रिया डिसेसा यांनी 'डायनाटर्टल' नावाचं न्यूटनचे नियम पाळणारं कासव मुलांना संगणकावर चालवायला दिलं होतं; तो अभ्यास 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. सहावीतल्या मुलांनी तेव्हा हेच केलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीची इतकी ठसठशीत चूक ओळखता येऊ नये असा डॅशबोर्ड शाळांना विकला जातो, याचा मला राग येतो.

दुरुस्ती छोटी होती. तळ उजवीकडे 12 तसाच ठेवून 18 उंचीवर नेला. आता उत्तर 6 वर. फक्त उजवं बटण वापरायचं तर साधारण साडेचार ते साडेसातच्या मध्ये दाबलं तरच पार. घाईवाले फसले. बाईंनी ठिपक्यांचा नकाशा वर्गात पडद्यावर लावला आणि एवढंच विचारलं, "वर जायचा वेग कुठे गेला?" मग आधी वहीत दोन बाण काढायचे, नंतर खेळायचं.

त्यानंतर ठिपके दोन तऱ्हांनी सरकले. काहींचे 18, 15, 11, 8, 6 असे हळूहळू. काहींचे 18, 18, 18 आणि एकदम 6. उडी म्हणजे समज आणि सरकणं म्हणजे नुसती जुळवाजुळव, असं मानायचा मोह होतो. म्हणून पुढच्या लेव्हलला वर जायचा वेग 4 ऐवजी 2 केला. तळ तिथेच, पण उत्तर आता 12 वर. पाठ केलेला पुन्हा 6 वर दाबणार. आणि उडी मारणाऱ्यांपैकी काहींनी 6 वरच दाबलं; सरकणाऱ्यांपैकी काही पहिल्याच खेपेला 12 च्या आसपास. सरकताना त्यांनी प्रत्येक चुकीतून रेषेचा उतार वाचला होता असं आता वाटतं, पण नुसत्या ठिपक्यांवरून ते सिद्ध होत नाही.

एक नोंद तर कुठल्याच खान्यात बसली नाही. आधीच्या लेव्हलला काही मुलं तळासमोर आल्यावर खालचं बटण दाबून रॉकेट थांबवायची आणि मग उजवीकडे ढकलायची. तेही बरोबरच. नव्या लेव्हलला मात्र वेग 2 आणि झटका 4, त्यामुळे रॉकेट थांबत नाही, 2 च्या वेगाने खाली परतू लागतं. एका मुलाने हे दोनदा होऊ दिलं. तिसऱ्यांदा रॉकेट 24 च्याही वर जाऊ दिलं, खालचं बटण दाबलं, आणि उतरताना बरोबर 24 वर उजवं दाबलं. उजवीकडे 12 जाईपर्यंत खाली 6: थेट 18, तळावर. लेव्हल बनवणाऱ्या आमच्यापैकी कुणीही हा मार्ग धरला नव्हता. डॅशबोर्डने त्याला लाल केलं, कारण प्रयत्न तीन आणि शेवटच्यात एक बटण जादा.

त्याची नोंद मी बाईंकडे वेगळी पाठवली आहे. त्याने हे आधी ठरवून केलं की पडद्यावर बघता बघता साधलं, हे त्या त्याला फळ्यावर बाण काढायला लावून विचारणार आहेत. तोवर त्याच्या नावापुढचा शेरा मी हाताने काढून ठेवला आहे.