आमची वाटचाल : गाडी भरून मोजायची

आमच्या गॅरेजच्या पाटीवर आजही एक ओळ आहे : "लेव्हलिंगसाठी ट्रेलर सोबत आणा." लेव्हलिंग म्हणजे पिकअपचं खाली असलेलं नाक उचलून मागच्या बाजूच्या उंचीला आणणं. या ओळीपायी धंदा बंद व्हायची वेळ आली होती. तरी आम्ही ती पुसली नाही, याचा अभिमान आहे.

समोर नवं दुकान उघडलं. पिकअपचं नाक खाली आणि मागची बाजू वर, हे ज्यांच्या डोळ्यांना खटकतं ती सगळी गिऱ्हाइकं तिकडे वळली. पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा जोड) स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारा तुकडा, मोठे गोटेदार टायर, आणि गाडी लगेच बाहेर. रिकामी गाडी सपाट दिसायची आणि फोटोही छान यायचा. आम्ही मात्र "भरलेला ट्रेलर जोडा, वजनकाट्यावर चला" म्हणत बसलो. पगार थकले, चाकांचे कोन जुळवणाऱ्या अलाइनमेंट मशीनचे हप्ते थकले. वर त्या दुकानातून "यांना लेव्हल करता येत नाही" असं पसरवलं गेलं. ते अजून सलतं, म्हणून हिशोबच मांडतो.

ट्रेलर 3000 किलोचा. त्याच्या 12 टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, धरलं तर 360 किलो. (ते 10 ते 15 टक्क्यांत हवं, त्याहून कमी झालं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.) मागच्या एक्सलपासून हिच बॉल (ट्रेलर ज्यावर बसतो तो गोळा) 1.5 मीटर मागे, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, 3.6 मीटर. 360 ला 1.5 ने गुणा, 3.6 ने भागा. उत्तर 150. एवढे किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर 360 नव्हे, 510 येतात. मागच्या स्प्रिंगचे पाटे बसतात ते या 510 खाली. कारखान्यातून मागे जो दोनेक इंचांचा चढ येतो तो याचसाठी असतो. तो स्पेसर घालून आधीच संपवला, तर ट्रेलर जोडल्यावर नाक आभाळाकडे आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. स्टिअरिंग हलकं लागतं ते त्या 150 किलोंमुळे. ते वजन स्पेसरने परत येत नाही आणि मागे एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणारी हवेची रबरी पिशवी) फुगवूनही येत नाही. एअरबॅग फक्त उंची देते. एक्सलची आणि गाडीची मर्यादा आहे तिथेच राहते. पुढचं वजन परत आणते ती स्प्रिंग बारची, म्हणजे ताणलेल्या पोलादी दांड्यांची, वजन वाटून देणारी हिच.

आमची हत्यारं साधी : टेप, खडू, टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळणारा) आणि वजनकाट्याच्या पावत्या. मोजायची रीत आमच्या सुरुवातीच्या भागीदारांनी घालून दिली. सपाट फरशी, टाकी भरलेली, आणि माप जमिनीपासून नव्हे, हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक मापात येत नाही. समजा रिकाम्या गाडीला पुढे 520 मिलिमीटर आलं आणि ट्रेलर जोडल्यावर 550. मग हिचचे स्प्रिंग बार इतके ताणायचे की निदान अर्धा फरक भरून निघेल, म्हणजे 535 किंवा त्याखाली, पण 520 च्या खाली कधीच नाही. नेमकं किती, हे हिच आणि गाडीच्या पुस्तकात बघावं. एवढं करूनही मागचा भाग बसलेला राहिला, आणि काट्यावरचं वजन मर्यादेत असलं, तरच एअरबॅग. ती बसवली की रिकाम्या गाडीतही थोडी हवा ठेवावी लागते, नाहीतर रबर दुमडून चिरतं.

स्पेसर आम्हीही बसवतो, पण भरलेल्या गाडीचं माप बघून. स्ट्रटच्या डोक्यावर 25 मिलिमीटरचा तुकडा घातला तर बऱ्याच गाड्यांत चाकापाशी साधारण 50 मिलिमीटर उचल मिळते, कारण स्ट्रट आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, मधोमध धरलेला असतो. चाक लोंबकळतं ठेवून वरच्या आर्मचा बॉल जॉइंट (फिरता सांधा) टोकाला जातो का आणि एक्सलचा बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) किती वाकतो, हे बघायचंच. नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइट. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी राहिला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर वाहत राहते.

त्या वाईट काळात एक गिऱ्हाईक टिकून राहिलं. ट्रेलरवर छोटा एक्स्कव्हेटर नेणारे हे गृहस्थ दर वेळी मशीन चढवूनच यायचे. त्यांनी एक जुनी पिकअप घेतली, समोरच्या दुकानात लेव्हल केलेली. टायर एलटी (हलक्या ट्रकचे), लोड रेंज ई (वजन पेलण्याचा वर्ग, ई हा सी पेक्षा वरचा), हवा 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). दिसायला सगळं बरोबर. पण व्हॉल्व साधे, दाबून बसवायचे रबरी, ज्यांची मर्यादा थंड टायरला 65. व्हॉल्व बोटाने वाकवला तर बुडाशी गोल चीर उघडली. आम्ही चारही बदलून जास्त दाबाचे, धातूचे घातले, रिमवर कोरलेली वजनमर्यादा त्यांना वाचून दाखवली. पुढे त्यांनीच धंद्यातली माणसं आमच्याकडे पाठवली आणि गॅरेज उभं राहिलं. नंतरची वर्षं कामाची गेली.

टायर घेताना गोटे बघू नका, लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, बघा. एलटी 265/70 आर 17 याच मापात लोड रेंज सी चा इंडेक्स 112 असतो, म्हणजे 50 पीएसआयला 1120 किलो. ई चा 121, म्हणजे 80 ला 1450. ई घेतला आणि हवा 50 च ठेवली, तर पैसे ई चे आणि वजन सी चं. कारचे, पी अक्षराचे टायर पिकअपला लावले तर त्यांची क्षमता 1.10 ने भागून धरायची. ट्रेलर ओढायला खोल, मोकळे गोटे नकोत. ते वजनाखाली हलतात आणि मागची बाजू डुलते. बरीचशी वाट डांबरी असेल तर बंद नक्षीचा हायवे टायर घ्या. 265 चा 285/70 केला तर व्यास साडेतीन टक्के वाढतो : स्पीडोमीटरच्या काट्यावर 100 दिसताना गाडी 103 च्या पुढे असते, गिअर तेवढाच लांब पडतो आणि चढाला इंजिन दमतं. "नवा" म्हणून दिलेल्या टायरच्या कडेवर DOT अक्षरांपुढे असलेले डॉट आकडेही वाचा. शेवटचे चार 2319 असतील तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यातला.

चाकं बसवल्यावर 80 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. गरम टायरची वाढलेली हवा सोडू नका.